पाचवी बरणी

९ जानेवारी

चि. मुंगीस,

आशीर्वाद पुष्कळ, आणि तक्रारीही पुष्कळ.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण हल्ली लिहायला बसले की आधी कागद झटकावा लागतो. हसू नकोस. समोरचा बंद पडलेला कारखाना पाडायला घेतलाय. तुझी आई गेल्यावर तू इथे सहा वर्षं राहिलीस, तेव्हा ज्याच्या फुटक्या खिडक्या मोजत बसायचीस तोच. सकाळी आठला घण सुरू होतो. मला ऐकू येत नाही, पण कपाटातल्या कपबशा थरथरतात त्यावरून कळतं. मग धूळ येते. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. मी परवा लिहिलंसुद्धा. ह्यांनी ते पुसून टाकलं नि म्हणाले, "शाळेत आहेस का?"

पण ह्यांचीच काळजी वाटते. तुझे काका पंचेचाळीस वर्षं पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करतात. तुला तर माहीतच आहे, उघड्या घड्याळासमोर कुणी शिंकलं तरी त्यांचा तोल जायचा. आता घड्याळ उघडलं की मिनिटभरात चक्रावर करडा थर. गेल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकांनी दुरुस्त केलेली घड्याळं परत आणली. आणि खोकला. आधी सकाळचा होता, आता त्याला वेळकाळ राहिला नाही.

पालिकेच्या कचेरीत जाऊन आले. तिथला कारकून भला माणूस वाटला. त्याने कागदावर लिहून दिलं, "धूळ आहे हे दिसतंय, पण किती आहे ते कुणी मोजून द्यायला हवं."

तू धूळच मोजतेस ना गं? मग आमची मोज.

तुझी
मावशी

(फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, आणि हे फोनवर "बरं आहे" एवढंच बोलतात.)

१७ जानेवारी

ती. मावशीस,

तुझं पत्र उघडलं तर घडीतून धूळ पडली. मी ती पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली पाहिली. सिमेंट, विटेची भुकटी, थोडी काच. तू खोटं सांगत नव्हतीस हे सिद्ध झालं, पण असं पाकिटातलं सिद्ध झालेलं चालत नाही.

आता नीट वाच. त्या कारखान्याचं काम आमच्याच लॅबकडे आलंय. पाडकाम करणाऱ्या कंपनीला परवानगी देताना अट घातलेली असते, आजूबाजूला किती धूळ बसते ते मोजून कळवायचं. त्यासाठी आम्ही उंच तिवईवर एक बरणी ठेवतो, तोंडावर नरसाळं, तळाशी थोडं पाणी. तीस दिवसांत जी धूळ वरून पडेल ती आत जमा होते. मग ती गाळायची, वाळवायची, तोलायची. दर दिवशी दर चौरस मीटरला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं तर कंपनीला काम थांबवून उपाय करावे लागतात.

कंपनीच्या इंजिनियरने चार जागा दाखवल्या. चारही वाऱ्याच्या पाठीमागे. तिथे माणसाला शिंकसुद्धा येणार नाही. मी आमच्या साहेबांना वाऱ्याचा नकाशा दाखवला आणि म्हटलं, पाचवी बरणी पूर्वेच्या त्या दुमजली घराच्या गच्चीवर हवी. साहेब सरळ आहेत, हो म्हणाले. एक महिना.

ते घर कुणाचं हे मात्र मी सांगितलं नाही. नात्यातल्या माणसाच्या घरी मोजमाप करायचं नाही, असा नियम आहे. म्हणून मी येईन तेव्हा ओळख दाखवू नका. आणि बरणीला कुणीही, म्हणजे तूही, हात लावायचा नाही.

काकांना डॉक्टरकडे ने. ते नाही म्हणतील. तरी ने.

तुझी
मुंगी

३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

पोटच्या पोरीसारखी वाढवली, आणि गेल्या आठवड्यात दारात उभी राहून तू मला म्हणालीस, "बाई, जरा गच्चीची किल्ली देता का?" तो इंजिनियर शेजारी होता म्हणून मीही मान ताठ ठेवून किल्ली दिली. ह्यांना हसू आवरेना. हसता हसता खोकला लागला, तो तुम्ही गच्चीवरून खाली येईपर्यंत थांबला नाही. तू जिन्यात उभी राहून ऐकत होतीस, मी पाहिलं. चहासुद्धा न घेता गेलीस. फार वाळलीयेस.

तुझी बरणी सुखरूप आहे. हे रोज दोनदा गच्चीवर जाऊन बघून येतात. जिना चढताना मध्ये दोनदा थांबतात, पण जातात. शेजारणीला सांगत होते (ह्यांचे ओठ मला वाचता येतात), "आमच्या मुलीचं काम आहे. ती सांगेल तो आकडा खरा." मी कोपराने ढोसलं, तेव्हा म्हणाले, "म्हणजे, त्या लॅबवाल्या मुलीचं."

डॉक्टरांनी एक्स-रे काढलाय.

एक विचारू? मी बरणीत डोकावले. हात नाही लावला, नुसती डोकावले. तळाशी पाणी आहे, आणि त्यात जेमतेम पुसटसं काहीतरी. एवढंच? खाली माझ्या खिडकीच्या कठड्यावरून रोज वाटीभर निघतं! तुझ्या त्या बरणीला धूळ दिसत नाही का?

मावशी

११ फेब्रुवारी

ती. मावशीस,

बरणीचं तोंड केवढं आणि तुझं घर केवढं! पुसटसं दिसतंय तेवढं पुरतं. आमचा तराजू काचेच्या पेटीत असतो, समोर कुणी श्वास सोडला तरी आकडा हलतो. काकांच्या टेबलाशी बसून शिकलेलं सगळं मला इथेच उपयोगी पडतं. चिमटा कसा धरायचा, श्वास कुठे रोखायचा. इथे सगळे मला विचारतात, एवढा स्थिर हात कुठून आणलास?

बाकीच्या चार बरण्या परवा पाहून आले. पाणी पिता येईल इतकं स्वच्छ. म्हणजे जे काही बोलायचं ते तुमच्या गच्चीवरचीच बरणी बोलणार. तिचा आकडा दोनशेच्या वर गेला तर मी तो अहवाल स्वतः पालिकेत नेऊन देईन. नाही गेला तर मात्र आपल्या हातात काही उरणार नाही. पण जाईल. तू उगीच जीव खाऊ नकोस, आणि डोकावू नकोस.

एक्स-रेचं काय झालं? तू लिहिलं नाहीस.

मुंगी

२४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

घाईत चार ओळी. एक्स-रे बरा आहे. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे व्हायचंच. इकडची काळजी करू नकोस.

बरणी छान आहे. आता तळ दिसत नाही. आकडा चांगला येईल बघ, तुझ्या साहेबांनाही मानावं लागेल. कधी नेणार?

मावशी

८ मार्च

ती. मावशीस,

हे पत्र तू एकटी असताना वाच.

तुमच्या बरणीचा आकडा अठराशे आला. मर्यादेच्या नऊपट. क्षणभर मला आनंद झाला, हे कबूल करते. मग साहेब म्हणाले, "नऊपट? एवढं तर खाणीच्या तोंडाशी पडत नाही." त्यांनी गाळणकागद स्वतः मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला बोलावलं. "बघा."

मी पाहिलं. चादरीचे निळे धागे. पावाचा चुरा. एक लांब पांढरा केस. पितळेचा कीस. आणि एक स्क्रू, मोहरीहूनही लहान.

मावशी, घड्याळाचा स्क्रू वाऱ्याने गच्चीवर जात नाही.

साहेबांनी विचारलं, "हे घर कुणाचं आहे?" मी म्हटलं, "एका घड्याळजीचं." ते म्हणाले, "कुणीतरी घरातला केर ओतलाय. नमुना बाद." वहीत तसं लिहायला मलाच सांगितलं. मी लिहिलं. दुसरं काय करणार होते? ती तुझी धूळ नव्हे असं म्हणता येत नव्हतं, आणि ती तुझी आहे असंही म्हणता येत नव्हतं.

आता त्या बरणीत आकाशातून पडलेली किती होती आणि घरातली किती, हे जगात कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित तीनशे असेल. मग आपण जिंकलो असतो. कदाचित शंभर असेल. आता काहीच नाही.

तू केलंस का? मी रागावणार नाही. मला फक्त खरं हवंय.

मुंगी

१४ मार्च

मुंगे,

मी केलं.

ती आमच्याच घरातली धूळ होती गं. बाजारातून विकत नव्हती आणली. खिडकीतून आत आली काय नि वरून बरणीत पडली काय, पडली तर त्याच कारखान्याची ना? असं मला त्या दिवशी वाटलं. आज तुझं पत्र वाचून वाटत नाही.

दुपारची गोष्ट. हे एका जुन्या मनगटी घड्याळाचं चक्र बसवत होते. खोकल्याची उबळ आली आणि चक्र हातातून उडालं. शोधलं, पुन्हा धरलं, पुन्हा उबळ. चार वेळा झालं. मग त्यांनी चिमटा टेबलावर ठेवला, भिंग काढलं आणि नुसते हातांकडे बघत बसले. पंचेचाळीस वर्षांत मी त्यांना अर्धं काम ठेवून उठताना पाहिलं नव्हतं. ते आत जाऊन पडले. मी टेबल झाडलं, खिडकी झाडली, गालिचा झाडला. सुपलीत ढीग जमला. तो बघून माझं डोकंच फिरलं. तू लिहिलं होतंस, त्या बरणीवरच सगळं आहे. मी तशीच वर गेले. तीन दिवस अशीच रोज जात राहिले.

आणि एक्स-रे बरा नाही. दोन्ही बाजूंना जाळं दिसतंय, डॉक्टर म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं राखायचं तर इथून हला. कुठे हलू? घर विकायला काढलं तर बघायला येणारा माणूस दारातच रुमाल नाकाला लावतो नि परत जातो.

ह्यांना यातलं काही सांगू नकोस. केराचंही नाही, फोटोतल्या जाळ्याचंही नाही. तुझ्या आकड्याची वाट बघतायत. मी सांगितलंय, वेळ लागतो.

पुन्हा एकदा बरणी ठेवता येईल का? मी गच्चीची किल्ली शेजारणीकडे देऊन टाकते.

मावशी

२ एप्रिल

ती. मावशीस,

बरणी पुन्हा लागली ते तू पाहिलंच असशील. लावायला मी का आले नाही ते सांगते.

मी साहेबांना सगळं सांगितलं. ते घर माझ्या मावशीचं आहे, केर तिने टाकला, का टाकला, सगळं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आधी सांगितलं असतंत तर मी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं, आणि आज आपल्याकडे एक खरा नमुना असता."  तू केर टाकलास हे खरं, पण मीही माझ्या बाजूने कमी घाण केली नाही.

त्यांनी मला त्या कामावरून काढलंय. नोकरी आहे. आता मी बाहेर जात नाही, आत तराजूवर बसते. पण पाचवी बरणी पुन्हा लावायला त्यांनी कंपनीशी भांडून परवानगी आणली. या वेळी कंपनीला जागा आणि तारखा आधीच लेखी कळवाव्या लागल्या, एवढंच. माझ्याबरोबरची बाई येऊन लावून गेली, तीच काढायला येईल. ती प्रामाणिक आहे.

तुम्ही दोघं माझ्याकडे या असं लिहिणार होते. मग खोलीकडे पाहिलं. पलंग, टेबल आणि एक माणूस उभं राहील एवढी जागा, आणि शेजारच्या पलंगावर दुसरी भाडेकरू. तरीही लिहिते. या. काहीतरी करू.

मुंगी

१६ एप्रिल

चि. मुंगीस,

गंमत ऐक. गंमतच म्हणायची.

बरणी लागली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून समोर पाण्याचा टँकर येतो. सकाळी एकदा, दुपारी एकदा. दोन माणसं पाइप धरून ढिगाऱ्यावर पाणी मारतात. भिंत पाडायच्या आधी पाणी, पाडल्यावर पाणी. जाळीचे हिरवे पडदेही बांधलेत. तो इंजिनियर परवा खालून आमच्या गच्चीकडे बघून हसला. मी हसले नाही.

सात दिवस टेबल पुसलं नाही, तरी बोटाला काही लागत नाही. ह्यांचा खोकला निम्म्यावर आलाय. काल बसून एक टेबलावरचं घड्याळ पूर्ण केलं आणि दिवसभर त्याची टकटक मला हात धरून दाखवत होते, बोटांना जाणवते म्हणून. म्हणाले, "बघ, बरणीला घाबरतात. मुंगीला सांग, कायमची राहू दे."

पण पाणी मारलेली धूळ बरणीत कशी पडणार?

मी तारीखवार लिहून ठेवतेय, टँकर कधी आला, किती वेळ होता. शेजारणीची सही घेतली. उपयोग होईल ना?

मावशी

५ मे

ती. मावशीस,

आकडा एकशेचाळीस. मर्यादेच्या आत. साहेबांसमोर मीच तोलला. तीनदा.

तुझी टँकरची यादी मी साहेबांना दिली. त्यांनी अहवालाच्या शेवटच्या पानावर एक ओळ घातली, "मोजमापाच्या काळात पाणी मारले जात होते असे रहिवाशांचे म्हणणे." त्याहून जास्त त्यांना लिहिता येत नाही. पाणी मारणं हा काही गुन्हा नाही, उलट तोच उपाय आहे.

मी एक दिवस रजा काढून पालिकेत गेले. तुझा तो भला कारकून भेटला. त्याने अहवाल काढून पहिलं पान माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "ताई, हे बघा, सगळं मर्यादेत. शिक्का तुमच्याच लॅबचा आहे." मी म्हटलं, "शेवटचं पान वाचा." त्याने वाचलं. "रहिवाशांचे म्हणणे," तो म्हणाला, "म्हणण्याला आकडा कुठे आहे?" मग खिडकीजवळ येऊन हळूच म्हणाला, "माझी बहीण त्याच रस्त्यावर राहते हो. पण मी काय करू?"

मी परत आले.

आमचं कंत्राट पाडकामापुरतंच होतं. ते संपलं. पुढच्या कामासाठी कंपनीने नवा अर्ज केलाय. ढिगारा उचलून न नेता तिथेच दळणार, म्हणजे क्रशर बसणार. तीन वर्षं. काकांना कसं सांगायचं ते तूच बघ. 

मुंगी

२० जून

चि. मुंगीस,

हे पत्र मी लिहितो आहे, तुझा काका. अक्षर वाकडं आलं तर हात नव्हे, श्वास कारण आहे असं समज.

तुझी मावशी सगळं लपवते आणि लपवल्याचं तोंडावर दिसतं. एक्स-रे मी त्याच आठवड्यात उजेडात धरून पाहिला होता. आयुष्यभर भिंगातूनच पाहत आलो, तेवढं मला कळतं.

दुसरी गोष्ट मी तुला सांगायला हवी होती. फेब्रुवारीत एका घड्याळाचा स्क्रू माझ्या हातून पडला. दोन दिवस जमिनीवर चुंबक फिरवला, मिळाला नाही. काम अर्धं टाकून उठलो त्या दुपारी सुपली गच्चीच्या दारात पाहिली होती. मला समजलं. मी कुणाला काही बोललो नाही. तुलाही कळवलं नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, घड्याळ मागे असेल तर मागे आहे म्हणा. पण त्या वेळी वाटलं, एकदा आपल्या बाजूने चुकतंय तर चुकू दे. तू नमुना बाद केलास हे मला मावशीच्या उशीखालच्या पत्रावरून कळलं. तू योग्य केलंस. मला तेवढी हिंमत झाली नाही.

बरणी काढून नेली त्याच संध्याकाळी टँकर बंद झाला. पडदे सोडून नेले. क्रशर पहिल्या तारखेपासून सुरू आहे. मी गिऱ्हाइकांची घड्याळं होती तशी परत केली. एक बाई म्हणाल्या, "अहो, थांबतो आम्ही, घाई नाही." मी म्हटलं, "मलाच घाई आहे."

घर विकलं. दुसरं कुणी आलं नाही, म्हणून त्या कंपनीलाच. तोच इंजिनियर कागद घेऊन आला होता. वाईट वागला नाही. माझा हात थांबला तेव्हा त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मला त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत. मावशी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. म्हणते, "तुम्हाला माहीत होतं आणि मला एकटीला जळू दिलंत." तिचं बरोबर आहे.

सवड काढून येऊन जा.

काका

३ ऑक्टोबर

ती. मावशीस,

गेल्या महिन्यात तुमच्याकडे दोन दिवस राहून आले, तेव्हापासून ऑक्सिजनच्या त्या यंत्राचा आवाज डोक्यातून जात नाही. तुला तो ऐकू येत नाही, हे एका परीने बरंच आहे. काकांनी मला नवी खिडकी उघडून कठड्यावर बोट फिरवून दाखवलं. बोट स्वच्छ होतं. त्यांना केवढं कौतुक त्याचं!

आज एक गोष्ट कळवायची आहे. कळवू की नको, यात आठवडा गेला.

क्रशरच्या मोजमापाचं काम पुन्हा आमच्याकडेच आलंय. बरण्या कुठे ठेवायच्या ते पालिकेने ठरवलं आणि जुन्या अहवालावरून पाचवी जागा तीच ठेवली. तुमची गच्ची. घर बंद आहे, किल्ली कंपनीकडे. तीस दिवसांचा नमुना तीन आठवड्यांपूर्वी माझ्या तराजूवर आला.

सातशे साठ.

मायक्रोस्कोपखाली नुसतं सिमेंट आणि वीट. एकही धागा नाही, केस नाही. साहेबांनी स्वतः तपासून सही केली. इतका स्वच्छ नमुना मी वर्षभरात पाहिला नाही.

मी अहवाल घेऊन धावत गेले म्हटलंस तरी चालेल. पालिकेतून आठ दिवसांत उत्तर आलं. मर्यादा राहत्या घरांसाठी आहे. त्या घरात कुणी राहत नाही. सबब पाचव्या बरणीला मर्यादा लागू नाही. आणि शेजारणीचं घर? तिनेही गेल्या आठवड्यात कंपनीला घर विकल्याच्या कागदावर सही केली. त्या रस्त्याची उरलेली तीन घरं रिकामी झाली की बरणी ठेवायचीही गरज उरणार नाही, असं पालिकेच्या उत्तरात लिहिलंय. म्हणजे असं नाही लिहिलेलं, पण अर्थ तोच.

मी साहेबांना म्हटलं, आता काय करायचं? ते म्हणाले, "पुढच्या महिन्याची बरणी धुऊन ठेवा."

मी धुऊन ठेवली.

काकांना हा आकडा सांगायचा की नाही, ते तू ठरव.

तुझी
मुंगी

१२ ऑक्टोबर

मुंगे,

सांगितला.

सकाळी चहापुरती नाकाची नळी काढतात, तेव्हा सांगितला. आधी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सातशे साठ? कुणी हात लावला नव्हता ना?"

मी म्हटलं, "तिथे आता हात लावायला आहे कोण?"

तुझं पत्र मागितलं. भिंग डोळ्याला लावून तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला, एखाद्या घड्याळाच्या आत बघावं तसा. पालिकेचं उत्तर त्याच्या खालीच होतं, तेही वाचलं. मला वाटलं चिडतील. मला तर वाटत होतं चिडावं, ओरडावं, काहीतरी फेकावं. पण ओरडायला छातीत हवा लागते.

भिंग काढून म्हणाले, "म्हणजे आपलं बरोबर होतं."

मी म्हटलं, "हो, बरोबर होतं."

 आपलं बरोबर होतं हे आता कुणाला जाऊन सांगायचं गं? चहा गार झाला. मग त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली आणि नळीकडे बोट दाखवलं. मी ती त्यांच्या नाकाला लावून दिली.

मावशी